कप्तान गोगलगायचं हरवलेलं वादळ

"थांब! इथेच काप!" टाचणी ओरडला.

"इथे कापलंस तर माझा सूर अर्धाच राहील!" भोंगा त्याच्याहून मोठ्यानं ओरडला.

"तुझा सूर अर्धाच बरा आहे!"

"दोघंही गप्प बसा, नाहीतर मी तुम्हा दोघांनाच कापून टाकीन," झिपरी म्हणाली. तिची नजर मात्र पडद्यावरून हलली नाही. पडद्यावर एक लाकडी गोगलगाय पाठीवर शंख आणि डोक्यावर कप्तानाची टोपी घेऊन जहाजाच्या टोकाला उभी होती. समोर निळ्या कापडाचा समुद्र खवळला होता.

झिपरी तेरा वर्षांची. केसांचं आणि कंगव्याचं जन्माचं वैर, म्हणून हे नाव. भोंगा तिचा धाकटा भाऊ. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरी ऐकू जाई. सुट्टी लागली की दोघं आत्याकडे येत. आत्याचं टीव्ही आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्यामागची खोली ही मुलांची राजधानी! शेजारी राहणारा टाचणी दिवसभर तिथेच पडीक असे. अंगानं बारीक, बोलणं टोचणारं.

या सुट्टीत तिघांना एकच वेड लागलं होतं, 'कप्तान गोगलगाय'. आत्याच्या लहानपणी ही बाहुल्यांची मालिका याच गावातल्या प्रसारण केंद्रात तयार झाली होती. तिचे जुने भाग आता नेटवर मिळत. जगभरचे चाहते त्यातले तुकडे घेऊन गाण्यांवर व्हिडिओ बनवत आणि आपला कच्चा व्हिडिओ चाहत्यांच्या पानावर टाकून विचारत, "कसा झालाय? काय बदलू?" केंद्राच्या वर्धापनदिनाला त्यातले निवडक व्हिडिओ मोठ्या सभागृहात दाखवणार होते. झिपरीला तिथे आपला व्हिडिओ पाहायचाच होता!

गाणं त्यांनी स्वतःच रचलं होतं. डबे टाचणीनं बडवले, गळा भोंग्यानं फाडला.

"हळूहळू जाऊ, पण थांबणार नाही,
घर आहे पाठीवर, भीती कसली काही!"

"झालं," झिपरीनं बटण दाबलं. "टाकला पानावर. आता बसा देव पाण्यात घालून."

जेवून येईपर्यंत सूचनांचा ढीग पडला होता. कुणी लिहिलं होतं, 'झकास!' कुणी लिहिलं होतं, 'डब्यांचा ठेका उशिरा पडतोय.' एकानं तर विचारलं होतं, 'गाणारा मुलगा आहे की कारखान्याचा भोंगा?'

"ओळखलं!" टाचणी खूश झाला.

सगळ्यांच्या खाली 'कात्री'ची सूचना होती. कात्री हे त्या पानावरचं भलतंच खडूस प्रकरण होतं. कुणाच्याही व्हिडिओखाली तिचं ठरलेलं असे, 'कापा!' आजही तसंच होतं. 'सुरुवातीचा समुद्र निम्मा कापा. मधली उडी दोनदा आली आहे, एक कापा.' पण पुढे वेगळंच लिहिलं होतं. 'आणि शेवटचं वादळ कुठून आणलंत? हे वादळ कुठल्याच भागात नाही!'

"नाही कसं? आपण काय कापूस पिंजून वादळ केलं?" भोंगा चिडला.

पण झिपरी उठून उभी राहिली. ते वादळ नेटवरून घेतलेलं नव्हतंच! आत्यानं सुट्या भागांसाठी भंगारातून एक जुना टेपप्लेअर आणला होता. त्याच्या पोटात एक जाडजूड कॅसेट अडकली होती. आत्यानं ती हलक्या हातानं काढून, बुरशी पुसून, मुलांना लावून दिली होती. मुलांना वाटलं, असेल एखादा भाग.

कात्रीनं खाली नंबरही दिला होता. झिपरीनं घसा साफ करून फोन लावला.

"नमस्कार काका, मी—"

"काका?" पलीकडून एक चिरका आवाज आला. "मी चौथीत आहे!"

टाचणी खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

"माझा पाय मोडला होता. प्लास्टर निघेपर्यंत मी सगळे भाग इतक्यांदा पाहिलेत, की मला पाठ आहेत," कात्री एका दमात म्हणाली. "वादळ एकातही नाही. म्हणजे तो शेवटचाच भाग! तो फक्त एकदा दाखवला होता. केंद्राचे साहेब सगळ्यांना सांगतात, तो आमच्या कपाटात कुलपात आहे, बाहेर काढता येत नाही. मग तुमच्याकडे कसा आला?"

आत्या दारातून ऐकत होती. तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"शेवटचा भाग?" ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून बाबांनी नेमका तेव्हाच टीव्ही बंद केला होता. अजून राग गेलेला नाही माझा! त्या कॅसेटमध्ये तर वादळ मध्येच तुटतं. कप्तानाचं पुढे काय झालं?"

तेच तर कुणाला माहीत नव्हतं!

*

दुसऱ्या दिवशी तिघं केंद्रात जाऊन धडकले. आवारात रंगाचा वास भरला होता. वर्धापनदिनाची तयारी जोरात चालू होती. साहेब टाय घट्ट करत, एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं पंखे कुठे लावायचे ते दाखवत फिरत होते.

"साहेब, कप्तान गोगलगायचा शेवटचा भाग पाहायचाय. पाच मिनिटंच," झिपरी म्हणाली.

"तो कुलपात आहे. सगळ्या फिती संगणकावर उतरवून कपाटात सुखरूप आहेत. तसा अहवालच गेलाय वर." साहेबांनी मान वर केली. "तू कोण?"

झिपरीनं व्हिडिओ दाखवला. वादळ आलं तसा साहेबांचा चेहरा लाल झाला.

"ही केंद्राची मालमत्ता आहे! चोरी केलीत तुम्ही! आजच्या आज काढून टाका हे. आणि वर्धापनदिनाला तुमचा व्हिडिओ बाद!"

"आम्ही चोरलं नाही! भंगारात—"

"चाहते म्हणे! रिकामटेकडे नुसते! चला, व्हा बाहेर!"

बाहेर पडताना भोंगा नाकानं सूं-सूं करत होता. झिपरीला रडू येत नव्हतं, संताप येत होता. चोर? ज्या गोगलगायीसाठी बोटं दुखेपर्यंत तुकडा तुकडा जोडला, तिचेच चोर?

"ए, बाजूला व्हा रे!" दोन माणसं एक पांढराशुभ्र सोफा घेऊन आली. सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ती बोळाच्या टोकाच्या खोलीत वळली. त्या दारावरची जुनी अक्षरं एक रंगारी पत्र्यानं खरवडत होता. 'चित्रफीत' एवढं गेलं होतं, 'भांडार' अजून उरलं होतं.

"दादा, इथली कपाटं कुठे गेली?" टाचणीनं भोळा चेहरा करून विचारलं.

"कपाटं? ती कधीच काढली. इथे पाहुण्यांची बैठक होणार. आतला कचरा भंगारात गेला," रंगारी म्हणाला आणि 'भां' खरवडू लागला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोराच्या उलट्या बोंबा, त्या या!

*

भंगारवाल्या मावशींचं आवार गावाबाहेर होतं. पत्रे, सायकलींचे सांगाडे, फुटके पंखे, आणि मधोमध उंच स्टुलावर बसलेल्या मावशी.

"केंद्रातल्या कॅसेटी? आल्या होत्या की! हातगाडीच्या दोन खेपा. एक पोतं फळबागवाल्यानं नेलं. बाकीची ती बघा, कोपऱ्यात. दुपारी ट्रक येईल, जातील प्लास्टिकच्या गिरणीत दळायला."

"दळायला?" भोंग्याच्या आवाजानं पत्र्यावरचे कावळे उडाले.

"मावशी, त्या आम्हाला द्या ना!" झिपरी काकुळतीनं म्हणाली.

"फुकट? ट्रकवाल्याला मी वजन कबूल केलंय, बाई. त्याला काय माझं डोकं देऊ?" मावशी हसल्या. "वजनाला वजन द्या आणि न्या."

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका! आत्याच्या दुकानामागे मेलेल्या टीव्हींची थडगी होती. ती कधीची उचलायचीच होती. "न्या रे न्या, माझी जागा तरी मोकळी होईल!" असं म्हणत आत्यानंही बाह्या सरसावल्या. ढकलगाडी भरायची, पळायचं, ओतायचं, परत पळायचं. टाचणीच्या हाताला फोड आले. शेवटी काटा अगदी थोडक्यात अडला, तेव्हा भोंगाच तराजूत चढून बसला.

"हा पण चालेल का?" टाचणीनं विचारलं.

"नको रे बाबा, हा दळताना सुद्धा ओरडेल!" मावशी म्हणाल्या आणि पोती सोडली.

ट्रकचा कर्णा फाटकात वाजला, तेव्हा शेवटची कॅसेट ढकलगाडीत पडत होती.

पण कॅसेटींच्या कडांवरची नावं वाचता वाचता झिपरीचा चेहरा उतरला. शेवटच्या भागाच्या दोन कॅसेटी होत्या. पहिली त्यांच्याकडे होती, वादळाची. दुसरी कुठेच नव्हती!

"फळबागवाल्यानं नेलं ते पोतं," ती पुटपुटली. "पण त्याला कॅसेटी कशाला?"

ते बागेपाशी पोहोचले तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर फडफडत होतं. झाडाझाडांमधून काळ्या चकचकीत फिती बांधल्या होत्या. वाऱ्यानं त्या थरथरत, उन्हात लकाकत, फर्रर्र आवाज करत, आणि पाखरं दुरूनच वळत.

"म्हणजे कप्तान... झाडावर टांगलाय?" भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

झिपरीनं खाली पडलेलं एक भेंडोळं उचललं. हाताला ते गरम लागलं. तिनं ते खिशात घातलं आणि दात आवळले.

"आता पानावरून काढायचा नाही व्हिडिओ. काही झालं तरी नाही."

*

दुकानात परतले तर साहेब स्वतः उभे होते. टाय सैल झाला होता, आवाज घट्ट होता.

"बाई, केंद्राची सगळी दुरुस्ती तुमच्याकडे असते. ती तशीच राहावी असं वाटत असेल, तर पोरांना आवरा. तो व्हिडिओ काढून टाका. नाहीतर आम्हाला दुसरं दुकान पाहावं लागेल."

केंद्राचं काम म्हणजे अर्धं दुकान! झिपरीचा चेहरा पांढरा पडला. स्वतःसाठी ती कुणाशीही भांडली असती. पण आत्यासाठी?

"काढून टाकते मी, आत्या," ती खालमानेनं म्हणाली.

आत्यानं फडक्याला हात पुसले. सावकाश, एक एक बोट.

"साहेब, दुसरं दुकान बघा," ती म्हणाली. "एकदा परीक्षेसाठी माझा कप्तान बंद झाला. आता कुणाच्या सोफ्यासाठी बंद होणार नाही."

साहेब गेले, ते दार आपटूनच. भोंग्यानं आत्याच्या कमरेला मिठी मारली. झिपरीनं बाहीनं डोळे पुसले.

"रडू नकोस, डोकं चालव," आत्या गुरगुरली. "परवा वर्धापनदिन आहे. मुख्य कार्यालयाच्या मोठ्या बाई येणार आहेत."

"त्यांना सगळं सांगून टाकू!" टाचणी म्हणाला.

"आणि साहेब म्हणतील, पोरं खोटं बोलतात, कॅसेटी यांनीच पळवल्या," मघाशीच लावलेल्या फोनवरून कात्री म्हणाली. "सांगणं कापा!"

झिपरी येरझाऱ्या घालत होती. ती एकदम थबकली.

"बरोबर! आपण सांगायचंच नाही. साहेब म्हणतात ना आम्ही चोर? मग आपण म्हणू, हो! चोरीचा माल कुठला ते ठरवायला मूळ वस्तू लागते. दाखवा म्हणावं मूळ!"

कात्री फोनवर किंचाळली. तो आनंद होता.

संध्याकाळी पानावर नवा कच्चा व्हिडिओ आला. समुद्र निम्मा कापलेला, एक उडी गायब, ठेका बरोबर पडलेला. वादळ मात्र पुरतं ठेवलेलं. खाली झिपरीनं लिहिलं होतं, 'केंद्र म्हणतं, हे वादळ चोरीचं आहे. केंद्रानं वर्धापनदिनाला आपल्या कपाटातला मूळ भाग दाखवावा. दोन्ही वादळं एकच निघाली, तर आम्ही सगळ्यांसमोर माफी मागू.' सकाळपर्यंत कुठल्या कुठल्या गावांतल्या चाहत्यांनी खाली एकच ओळ लिहून पान भरून टाकलं. 'मूळ दाखवा!'

*

सभागृह खच्चून भरलं होतं. साहेबांचं भाषण रंगात आलं होतं.

"...आणि आमच्या केंद्राचा हा अमोल ठेवा आम्ही डोळ्यांत तेल घालून जपला आहे!"

"साहेब, मग तो दाखवा ना!"

सगळ्या माना मागे वळल्या. झिपरी खुर्चीवर उभी होती. हनुवटी वर होती.

"खाली बस, मुली!" साहेब ओरडले.

"बसते. पण आम्ही चोर आहोत, असं तुम्ही म्हणालात. शेवटच्या भागातलं वादळ चोरलं म्हणालात. म्हणालात ना?"

"म्हणालो! ते केंद्राचंच आहे!" साहेब मोठ्या बाईंकडे वळले. "बाई, हीच ती मुलं."

पुढच्या रांगेतल्या मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. पांढरे केस, करारी नजर.

"मी वाचलंय ते पान," त्या म्हणाल्या. "मुलांनी केंद्राची फीत चोरली असेल तर गंभीर आहे. पण पारख करायची तर मूळ हवं. लावा."

"आत्ता? ते... चावी..."

"मग संगणकावरची प्रत लावा. अहवालात लिहिलंय ना तुम्ही, की उतरवली आहे?"

साहेबांनी रुमाल काढला. "तो विभाग... म्हणजे मी सांगितलं होतं त्यांना... मला वाटलं झालंच असेल..."

"चला, ते कपाटच पाहू या!" बाई उठल्या. त्यांच्यामागे अख्खं सभागृह उठलं.

बोळाच्या टोकाचं दार उघडलं. आत पांढरा सोफा होता. काचेचं मेज होतं. मेजावर फुलदाणी होती. कपाट नव्हतं.

झिपरी पुढे झाली, तिनं खिशातून फितीचं भेंडोळं काढलं आणि काचेच्या मेजावर ठेवलं.

"हा काय कचरा आणलास?" साहेब पुटपुटले.

"हाच तुमचा ठेवा आहे, साहेब," झिपरी म्हणाली. "फळबागेत पाखरं हाकलायला टांगला होता. उरलेला दळायला चालला होता, तो आमच्या आत्याच्या दुकानात आहे. पोत्यांत. आम्ही टीव्ही देऊन सोडवला. आता सांगा, चोर कोण?"

साहेब सोफ्यावर मटकन बसले. प्लास्टिक करकरलं.

"तुम्ही चोर नाही आहात," मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही निष्काळजी आहात. न पाहता सही केलीत. आणि चूक दाखवणाऱ्या मुलांवरच डोळे वटारलेत. ते मला जास्त लागलं." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास! माझ्या अधिकाऱ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. काय बक्षीस देऊ?"

भोंग्यानं तोंड उघडलं. झिपरीनं त्यावर हात ठेवला.

"बक्षीस नको. हा सोफा बाहेर आणि कपाटं आत! फिती उतरवायचं काम आत्याला द्या, तिला त्या लावता येतात. आणि या खोलीत कुणालाही येऊन पाहता आलं पाहिजे. मुलांनासुद्धा!"

"अटी घालतेस?" बाईंच्या भुवया वर गेल्या.

"हो," झिपरी म्हणाली.

"मान्य!" बाई खळखळून हसल्या. "सोफा उचला, साहेब. एक टोक तुम्ही धरा."

त्या दुपारी सभागृहात तो व्हिडिओ लागला. शेवटी वादळ आलं. एका लाटेवर जहाज उभं राहिलं, कप्तानाची टोपी उडाली, आणि चित्र तुटलं.

"पुढे?" अंधारातून कुणीतरी विचारलं. "पुढे काय झालं?"

*

पुढचं शोधायला दुसऱ्या दिवशी सकाळी फळबागेत जत्राच भरली. चाहते आले होते, भंगारवाल्या मावशी आल्या होत्या, आत्या दुकानाला कुलूप लावून आली होती. आजीचा हात धरून, जरा लंगडत, एक चिमुरडी आली आणि आल्या आल्या माळ्याला म्हणाली, "ती गाठ सोडू नका, कापा!" ती कात्री आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही.

सर्वांत उंच शिडीवर साहेब होते. टाय खिशात होता.

"डावीकडे, साहेब! ओढू नका, गुंडाळा!" खालून झिपरी हुकूम सोडत होती.

"गुंडाळतोय, गुंडाळतोय!" साहेब वरून म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "मुली, तू कधीपासून पाहतेस ही मालिका?"

"तुम्ही कधी पाहिलीत?"

साहेबांनी फांदीवरचा आणखी एक वेढा सोडवला. "नाही पाहिली," ते म्हणाले.

"मग आत्याच्या दुकानात या," झिपरी म्हणाली. "पहिल्या भागापासून दाखवते."

आत्यानं फिती धुतल्या, वाळवल्या, तुकड्याला तुकडा जोडला. पुष्कळसा भाग उन्हानं जळून गेला होता. पडद्यावर नुसत्या रेघा धावत. "आशा नाही," असं दोनदा ती म्हणाली आणि दोन्ही वेळा झिपरी म्हणाली, "अजून एक तुकडा लाव."

आणि मग रेघांमधून एक किनारा वर आला. वाळूवर मोडकं जहाज होतं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग वाळूतून एक शंख सरकला. बिनटोपीचा कप्तान बाहेर आला, त्यानं मोडक्या जहाजाची एक फळी पाठीवर घेतली, आणि तो पुन्हा समुद्राकडे चालू लागला.

तेवढंच होतं. पडदा काळा झाला.

दुकानामागच्या खोलीत इतकी माणसं कधी मावली नव्हती. आत्यानं डोळे पुसले आणि झिपरीच्या विस्कटलेल्या डोक्यावर हात ठेवला.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तो बुडाला," ती म्हणाली. "पोरी, तू हार मानली असतीस ना, तर मला कधीच कळलं नसतं."